नोकरदाराची जन्मतारीख

वसंत व्याख्यानमालेत शिवकालापासून अणुशक्तीपर्यंत सारे विषय येऊन जातात. त्यांत नोकरीतल्या माणसाच्या जन्मतारखेला एक संध्याकाळ मिळावी, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. पण आमची सारी उमेद कामगार युनियनच्या कचेरीत गेली. तेथे पगार, रजा आणि बडतर्फी यांच्या खालोखाल आम्ही अर्ज लिहून दिले असतील तर ते याच मागणीचे : "माझी जन्मतारीख चुकीची लागली आहे, ती दुरुस्त करून मिळावी." अर्जदार बहुधा पंचावन्न उलटलेला, निवृत्ती दोन-तीन वर्षांवर आलेली. कचेरीचे उत्तरही ठरलेले : "तीस वर्षे काय झोपला होतास?" प्रश्न वाजवी आहे. मात्र त्याचे उत्तर एकट्या अर्जदारापाशी सापडत नाही. ते शोधायचे तर दीडशे वर्षे मागे जावे लागते.

आपल्याकडे वय मोजण्याची रीतच निराळी होती. ज्यांच्या घरी ज्योतिषी येत असे, त्यांच्या मुलांची तिथी, नक्षत्र, घटका-पळे पत्रिकेत टिपली जात. ज्यांच्या घरी तो येत नसे, आणि अशी घरे गावात अधिक, तेथे जन्म एखाद्या घडामोडीच्या खुंटीला अडकवून ठेवीत. कोणी प्लेगच्या पहिल्या साली झालेला, कोणी १९१८ च्या मानमोडीत, कोणी अठ्ठेचाळीसच्या जळितात. आमच्या पिढीच्या आया "थोरला कोयनेच्या भूकंपाआधी महिनाभर आणि धाकटी बहात्तरच्या दुष्काळात" असे सांगत. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. म्हणजे थोरल्याचा जन्म नोव्हेंबर १९६७ चा ठरतो, आणि हा हिशेब पुष्कळ सरकारी कागदांपेक्षा पक्का असतो. पण तो तोंडी. शिरगणतीदार दारात येऊन वय विचारी, तेव्हा तीच माउली "असेल चाळीस" म्हणून मोकळी होई. म्हणूनच जुन्या शिरगणत्यांच्या तक्त्यांत तीस, पस्तीस, चाळीस या वयांच्या माणसांचे ढीग दिसतात आणि एकतीस-एकोणचाळीसची माणसे जवळजवळ नाहीशी होतात.

लेखी नोंद अगदीच नव्हती असे नाही. १८८६ साली जन्ममृत्यूच्या नोंदणीचा कायदा झाला, पण तो ऐच्छिक होता. साऱ्या देशाला एकसारखा सक्तीचा कायदा यावयास १९६९ साल उजाडले. दरम्यान गावोगाव कोतवालाच्या मार्फत जन्ममृत्यूचे बुक ठेवले जाई. त्याला आजही लोक कोतवाल बुक म्हणतात. त्यात बापाचे नाव, मूल मुलगा की मुलगी, आणि तारीख एवढेच पुष्कळदा असते; बारसे व्हायच्या आधीच नोंद झालेली, तेव्हा मुलाचे नाव येणार कोठून? एका बापाला तीन मुलगे असले, की त्यांतला हा कोणता, यावर पन्नास वर्षांनी वाद होतो. असे वाद आम्ही पाहिले आहेत.

आता वयावरून सरकारशी पहिला गाजलेला तंटा कोणी केला, हे सांगितले पाहिजे. तो झाडूवाल्याने किंवा हमालाने केलेला नाही. सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांनी केला. १८६९ साली लंडनला सनदी नोकरीच्या परीक्षेत चार हिंदी तरुण उतरले. रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त, सुरेंद्रनाथ आणि चौथे आपले श्रीपाद बाबाजी ठाकूर. वयाची वरची मर्यादा एकवीस होती. सुरेंद्रनाथांचा जन्म नोव्हेंबर १८४८ चा, म्हणजे एकवीस पुरी व्हावयाची होती. पण १८६३ साली कलकत्ता विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेला बसताना त्यांनी वय सोळा लिहिले होते. त्या हिशेबाने ते एकविसाच्या पुढे गेले, आणि कमिशनरांनी त्यांचे नाव यादीतून काढले. ठाकुरांवरही हीच पाळी आली.

यात खोटे कोणी बोलले नव्हते. आपल्याकडे पंधरा पुरी झाली की "सोळावे लागले" म्हणतात आणि वय विचारले तर सोळा सांगतात. साहेब पुरी झालेली वर्षे मोजतो, आपण चालू वर्ष मोजतो. हा एवढाच फरक क्वीन्स बेंच कोर्टापुढे समजावून द्यावा लागला. हिंदुस्थानातून पत्रिकेचा आणि रूढीचा पुरावा गेला, कोर्टाने कमिशनरांना जाब विचारला, आणि दोघांचीही नावे परत आली. पुढे १८७६ साली ही मर्यादा एकविसावरून एकोणीसवर आणली गेली, तेव्हा तिच्याविरुद्ध सुरेंद्रनाथांनी देशभर दौरा काढला. देशव्यापी राजकीय चळवळीच्या आरंभीच्या पावलांपैकी ते एक पाऊल होते, आणि ते वयाच्या रकान्यावरून उचलले गेले!

या हकिगतीत आमच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगे असे, की ज्याचे वय चुकीचे धरले गेले त्याला ते त्याच वर्षी कळले. तो लंडनमध्ये होता, त्याला इंग्रजी येत होते, वकील देता येत होता. अशा माणसाला मुदतीच्या आत दाद मागणे अवघड नाही.

याच सुमारास मुंबईच्या गिरण्यांत दुसऱ्या प्रकारची वये लिहिली जात होती. १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालच्या पोरांना कामावर घेण्यास बंदी केली आणि सात ते बारा या वयाला नऊ तासांची मर्यादा घातली. १८९१ साली हे आकडे नऊ आणि चौदा झाले, १९२२ साली बारा आणि पंधरा. कायदा पोरांच्या रक्षणासाठी होता, यात शंका नाही. पण घरात खाणारी तोंडे सहा असली म्हणजे बाप पोराचे वय वाढवूनच सांगणार. जॉबरला हात हवे असत, तो हरकत कशाला घेणार? दाखला देणारा डॉक्टर दात बघे, उंची बघे आणि आकडा लिही. पोर कागदावर दोन-तीन वर्षांनी मोठे होई आणि त्या आठवड्यापासून घरात पगार येई. त्या काळी ही वाढवलेली वर्षे कोणाला पुढे नडत नसत, कारण गिरणीत निवृत्तीचे वय असे नव्हतेच. अंग चाले तोवर माणूस चाले.

वाढवलेली वर्षे नडू लागली ती निवृत्तीचा आकडा आल्यावर. १९२२ साली अमलात आलेल्या मूलभूत नियमांनी सरकारी नोकराला पंचावन्नाव्या वर्षी घरी बसवले. केंद्र सरकारने १९६२ साली अठ्ठावन्न केली, १९९८ साली साठ. नगरपालिका, वीज मंडळे, एस. टी., कोळशाच्या खाणी अशी सार्वजनिक नोकऱ्यांची व्याप्ती वाढत गेली, तशी ज्यांच्या सात पिढ्यांत कोणाला जन्मतारीख नव्हती अशी लक्षावधी माणसे एकदम तारखेच्या राज्यात आली. ती तारीख त्यांनी आणली कोठून?

ज्यांनी शाळेचे तोंड पाहिले होते त्यांनी ती गुरुजींकडून आणली. या सभागृहात १ जूनला जन्मलेले किती आहेत असे आम्ही विचारले, तर बरेच हात वर होतील, आणि त्यांतले बरेच जण हसतील. शाळा जूनमध्ये उघडे. पोराला सहावे लागले की नाही ते पाहायला गुरुजी त्याला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगत. कान हाती लागला की पोर सहा वर्षांचे, आणि जन्म त्या हिशेबाने सहा वर्षांमागच्या १ जूनचा. उत्तरेकडे शाळा जुलैत उघडतात म्हणून तिकडे १ जुलैची जत्रा भरते. गुरुजींना आम्ही दोष देत नाही. त्यांच्यापुढे चाळीस पोरे असत, रजिस्टरातला रकाना रिकामा ठेवण्याची मुभा नसे. पण ती तारीख पोर शाळेत घातल्याची, पोर जन्मल्याची नव्हे.

ज्यांनी शाळाही पाहिली नाही त्यांचे काम मुकादमाकडे. सफाईच्या किंवा रस्त्याच्या कामावर बदली म्हणून पोरगा उभा राहिला की मुकादम अंगलट बघे. "काय रे, किती?" पोरगा पंधराचा असला तरी मान खाली घालून "वीस" म्हणे, कारण अठराखालच्याला काम नाही हे त्याला ठाऊक असे. हजेरीपटावर वीस लागे, कायम झाला म्हणजे तेच वीस कारकून सेवापुस्तकात उतरवी. नुसते सालच कळले तर काय करावे, हेही नियमांनी ठरवून ठेवले आहे : साल माहीत, महिना नाही, तर १ जुलै, महिना माहीत, दिवस नाही, तर त्या महिन्याची १६ तारीख. म्हणून ज्या सेवापुस्तकात १ जुलै किंवा १६ तारीख दिसते, तेथे कारकुनाच्या हाती साल-महिन्यापलीकडे काही नव्हते असा संशय आम्ही घेतो, आणि तो क्वचितच खोटा ठरतो. एका नगरपालिकेत दोन सख्खे भाऊ सफाई कामगार होते. धाकटा आधी लागला आणि वय वाढवून लागला, थोरला मागाहून आला आणि खरे वय सांगून आला. कागदावर धाकटा थोरला झाला. आई जिवंत होती. ती कचेरीत येऊन हेडक्लार्कला म्हणाली, "साहेब, मी काय उलटी बाळंत झाले व्हय?" हेडक्लार्क हसला, तारीख मात्र बदलली नाही.

आता कायद्याकडे वळू. पूर्वी दुरुस्तीला मुभा होती आणि सर्वसाधारण नियमांत ठरीव मुदत नव्हती. त्यामुळे निवृत्तीच्या तोंडावर अर्जांचा पूर येई, आणि त्यांत खोटे अर्जही असत, हे आम्ही लपवीत नाही. पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा म्हणून पुढे केलेला शाळेचा दाखला, त्याची शाई बोटाला लागते, असे प्रकार आमच्या टेबलावर झाले आहेत. १९७९ साली केंद्र सरकारने नियम केला, की दुरुस्तीचा अर्ज नोकरीत शिरल्यापासून पाच वर्षांत केला पाहिजे. महाराष्ट्रानेही १९८१ च्या सेवाशर्तींच्या नियमांत १६ ऑगस्ट १९८१ पासून नोकरीत येणाऱ्यांना तीच पाच वर्षे दिली. त्याच नियमात एक फार अर्थपूर्ण वाक्य आहे. नोंद एकदा झाल्यावर ती बदलू नये. मात्र ती उघड लेखनदोषाने किंवा खुद्द नोकराखेरीज अन्य कोणाच्या हयगयीने झाली असल्याचे कळले तर बदलावी, अशा आशयाचे ते आहे. अन्य कोणाच्या हयगयीने! म्हणजे गुरुजी, मुकादम, डॉक्टर, कारकून या सर्वांना नियमकर्त्यांनी ओळखले होते.

१९९३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका केंद्रीय नोकराचे प्रकरण आले. तो १९५६ साली चतुर्थ श्रेणीत लागला होता आणि निवृत्तीच्या तोंडावर, १९९१ साली, त्याने वय सुमारे चार वर्षांनी कमी करून मागितले. न्यायालयाने नाकारले. पस्तीस वर्षे गप्प बसलेल्याला आता बोलता येणार नाही. १९७९ च्या आधी लागलेल्यांनीही नियम आल्यापासून पाच वर्षांत अर्ज करावयास हवा होता, असे त्याचे म्हणणे. त्याच वर्षी तमिळनाडूतल्या प्रकरणात न्यायालयाने दुसरे कारण दिले : एकाची तारीख बदलली की त्याच्याखाली बढतीची वाट पाहत बसलेल्या सगळ्यांची साखळी हलते. १९९५ साली उच्च न्यायालयांनाही असे उशिराचे अर्ज हाती न घेण्याबद्दल बजावले गेले. २०२१ साली तर पुरावा भक्कम असला तरी दुरुस्ती हा हक्क म्हणून मागता येत नाही, आणि नोकरीच्या अखेरीस केलेला अर्ज उशिराच्या कारणावरून फेटाळता येतो, असे स्पष्ट झाले.

यातले साखळीचे कारण आम्ही हलके मानीत नाही. आमच्याच युनियनच्या सभेत यावरून एकदा रात्री अकरापर्यंत भांडण झाले. एका जुन्या सभासदाच्या अर्जाला युनियनने पाठिंबा द्यावा असा ठराव होता. मागच्या बाकावरून एक बदली पोरगा उठला आणि म्हणाला, "मामा, तुमची चार वर्षं म्हंजे माझी चार वर्षं. मी सात वर्षं बदलीवर झाडू मारतोय." त्यावर म्हातारे म्हणाले, "माझी वर्षं माझ्या आईनं दिलीत रं, तुझ्या वाटची नाहीत." दोघेही खरे बोलत होते. शेवटी असे ठरले, की नोकरी लागण्यापूर्वीचा कागद असेल, मग तो कोतवाल बुकाचा उतारा असो वा शाळेचे मूळ रजिस्टर, तरच युनियन मागे उभी राहील. नोकरी लागल्यानंतर तयार झालेल्या कागदामागे राहणार नाही. मामांजवळ तसा कागद नव्हता. ते ठरल्या तारखेला निवृत्त झाले, आणि त्यांच्या जागेवर तो पोरगा नव्हे, ठेकेदाराचा माणूस आला.

डॉक्टरी तपासणीने प्रश्न सुटेल असे काहींना वाटते. क्ष-किरणाने हाडे पाहून वय सांगण्यात दोन्ही बाजूंना दोन वर्षांची चूक संभवते, हे १९८२ साली सर्वोच्च न्यायालयानेच मान्य केले. आणि तेही कोवळ्या वयात. पंचविशीच्या आसपास हाडांची जुळणी पुरी होते, त्यानंतर पंचावन्न की साठ हे हाडे नेमके सांगू शकत नाहीत. दुसरी गंमत पाहा. १९८८ साली एका निवडणूक खटल्यात उमेदवाराच्या वयाचा प्रश्न निघाला, तेव्हा न्यायालय म्हणाले की शाळेच्या रजिस्टरातली तारीख तेव्हाच वजनदार, जेव्हा ती कोणाच्या सांगण्यावरून लिहिली हे सिद्ध होईल. उमेदवारासाठी विचारलेला हा प्रश्न झाडूवाल्याच्या सेवापुस्तकाला कोणी विचारीत नाही. तेथे पहिला प्रश्न उशिराचा, आणि बहुधा तोच शेवटचा.

तरीही एका ठिकाणी तो विचारला गेला, आणि ती हकिगत आम्ही आमच्या कार्यकर्त्यांना मुद्दाम सांगतो. कोळशाच्या खाणी १९७१ आणि १९७३ मध्ये सरकारच्या ताब्यात आल्या. खाजगी मालकांच्या आणि ठेकेदारांच्या रजिस्टरांत मजुरांची वये अंदाजपंचे लिहिलेली होती. तीच पुढे चालत आली. मग राष्ट्रीय कोळसा वेतन करारान्वये १९८७ साली प्रत्येक मजुराला त्याच्या सेवानोंदीचा उतारा देण्यात आला : वाचून घ्या, चूक असेल तर सांगा. आपल्या नागपूर, चंद्रपूर, वणीकडच्या खाणी याच कराराखाली येतात. झारखंडातल्या एका मजुराने उतारा हाती पडताच हरकत घेतली. व्यवस्थापन अनेक वर्षे नकार देत राहिले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि २०१४ साली निकाल मजुराच्या बाजूने लागला. तो १९७३ पासून नोकरीत होता. पण त्याला स्वतःची नोंद दाखवली गेली १९८७ साली, आणि त्याचे जागे होणे तेथून मोजले गेले.

हा प्रश्न केवळ निरक्षरांचा नाही, हे २०१२ साली देशाने पाहिले. खुद्द लष्करप्रमुख जनरल विजयकुमार सिंग यांचा जन्म लष्कराच्या एका शाखेच्या कागदांत १० मे १९५० चा, दुसरीच्या कागदांत १० मे १९५१ चा. मॅट्रिकच्या दाखल्यावर १९५१, प्रबोधिनीच्या प्रवेशाच्या अर्जावर १९५०. ते सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि न्यायालयाचा रोख पाहून त्यांनी अर्ज मागे घेतला. १९५० कायम राहिले आणि त्या वर्षीच्या मे अखेर ते निवृत्त झाले. शाळकरी वयात भरलेल्या एका अर्जाने सेनापतीला चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी गाठले. त्यांना मात्र आपल्या नोंदी वाचता येत होत्या.

वाचता न येणाऱ्याचे काय, याचीही तरतूद नियमांत आहे. कचेरीच्या प्रमुखाने सेवापुस्तक दरवर्षी नोकराला दाखवावे आणि पाहिल्याची सही घ्यावी, असा केंद्राचा जुना पूरक नियम आहे. आम्ही एका नगरपालिकेत निवृत्तीला आलेल्या सफाई कामगारांची सेवापुस्तके पाहावयास मागितली. वर्षामागून वर्ष, प्रत्येक पानावर अंगठा होता. शाई पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकाच छटेची. आम्ही त्यांतल्या एका बाईंना विचारले, "मावशी, हे अंगठे कधी दिलेत?" त्या म्हणाल्या, "मागल्या दिवाळीच्या आधी. पेन्शनीला लागतात म्हणाले, म्हणून पंधरा-वीस ठिकाणी उठवले." त्या दिवशी तरी त्यांची तारीख त्यांना कोणी वाचून दाखवली काय, हे विचारण्याची गरज उरली नाही. या पुस्तकावरून पुढे कोणी निवाडा केला, तर त्यात मावशींनी आपली नोंद वीस वेळा पाहून मान्य केल्याचे निघेल.

२०२३ साली जन्मनोंदणीच्या कायद्यात सुधारणा झाली. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मणाऱ्या मुलांना शाळेपासून सरकारी नोकरीपर्यंत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा राहील. चांगली गोष्ट झाली. ही मुले साठीला पोचतील तेव्हा २०८३ साल असेल, तोवर जुनीच रजिस्टरे चालायची. शिवाय त्यांत नवी भर पडली आहे. आधार कार्ड काढताना ज्याने नुसते साल किंवा अंदाजाचे वय सांगितले, त्याची तारीख १ जानेवारी लागते. म्हणजे गुरुजींचा १ जून गेला आणि यंत्राचा १ जानेवारी आला. भविष्यनिर्वाह निधीच्या कचेरीने २०२४ साली आधार हा जन्मतारखेचा पुरावा म्हणून स्वीकारणे बंद केले, सर्वोच्च न्यायालयानेही त्याच वर्षी शाळेच्या दाखल्याला त्यावर मान दिला. पण ठेकेदार माणूस भरताना आधारच पाहतो.

गेल्या पावसाळ्यात आम्ही एका ठेकेदाराकडून त्याच्या सफाई कामगारांची यादी मिळवली. तीत १ जानेवारीला जन्मलेल्यांची रांग लागली होती. यांना सेवापुस्तक नाही, निवृत्तीचे वय नाही, पेन्शन तर नाहीच. पण उद्या ते कायम झाले तर हीच यादी सेवापुस्तकात उतरेल. म्हणून दर रविवारी सकाळी युनियनच्या कचेरीत आम्ही एकेकाला बोलावून त्याची नोंद त्याला मोठ्याने वाचून दाखवतो, आईबापांना खुणेचे साल विचारतो, गावच्या तहसीलीतून कोतवाल बुकाचा उतारा मागवतो आणि दुरुस्तीचा अर्ज लिहितो. यादीतला सर्वांत तरुण पोरगा कागदाप्रमाणे चोवीसचा आहे. त्याची आई म्हणते, एकविसावे लागले आहे. त्याचा अर्ज आम्ही सर्वांच्या आधी लिहावयास घेतला.